जुन्या स्नेअर ड्रमसाठी नवा स्ट्रेनर निवडताना

लातूर-नांदेडकडच्या बँड पथकांत जुने स्नेअर ड्रम (खालच्या पडद्याला तारा लावलेले ड्रम) लग्नसराईत रोज वाजतात, आणि त्यांत आधी झिजतो तो तारा ताणणारा व खटक्यासरशी सोडणारा स्ट्रेनर. तो बदलताना पहिला प्रश्न दिसण्याचा नसून छिद्रांचा असतो. जुना स्ट्रेनर काढून शेलवरील (ड्रमच्या गोल अंगावरील) दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजावे, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातील ड्रममध्येही हे अंतर बदलते. माप जुळत नसेल, तर शेलला नवे छिद्र पाडण्यापेक्षा स्ट्रेनर व शेल या दोहोंमध्ये बसणारी जोडपट्टी लेथवाल्याकडून करून घ्यावी. जुन्या ड्रमचे मोल मूळ छिद्रांतही असते.

त्यानंतर स्ट्रेनरची उंची पाहावी. पाच इंची शेलवर लांब स्ट्रेनर खालच्या रिमला (कड्याला) अडतो. तरफ बाजूला पडणारी असेल, तर ती शेजारच्या लगला (पडदा ताणणारे स्क्रू ज्यात बसतात त्या भागाला) लागत नाही ना, हेही तपासावे. अमेरिकन ड्रमचे स्क्रू बहुधा इंची आट्यांचे असतात, तर आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानांत मिलिमीटरच्या आट्यांचे सहज मिळतात. बळेच फिरवल्यास आटे जातात, म्हणून स्ट्रेनरसोबत त्याचेच स्क्रू घ्यावेत.

रॉजर्स या अमेरिकन कंपनीच्या डायना-सॉनिकसारख्या ड्रममध्ये तारा स्वतंत्र चौकटीत बसवलेल्या असतात. तेथे साधा स्ट्रेनर चालत नाही. त्याच यंत्रणेचा सुटा भाग शोधावा लागतो. इतर ड्रमवर समोरची बट प्लेट (तारांचे दुसरे टोक धरून ठेवणारा भाग) सुस्थितीत असल्यास ती बदलू नये. लाकडी शेलवर आतून रुंद वॉशर घालावा, कारण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून स्क्रू सैल पडतात.