आधी फट, मग काच: साउंडप्रूफ खिडक्या बसवण्याआधीची तयारी

साउंडप्रूफ खिडकी म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न काचेचा असतो. किती जाड घ्यायची, एकेरी की दुहेरी, साधी की लॅमिनेटेड? माझंही तेच झालं. झोपायच्या खोलीला जाड काचेची नवी खिडकी बसवली, कारागीर हत्यारं गोळा करून गेला, आणि रात्री रस्त्यावरचे हॉर्न जवळजवळ पूर्वीसारखेच ऐकू आले. दोन दिवस काच विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी काहीतरी शोधायला कपाटावर चढलो, तेव्हा दिसलं की एसीचा पाइप जिथून बाहेर जातो तिथलं भोक पाइपाच्या दुप्पट मोठं आहे आणि त्यावर नुसती प्लास्टिकची टोपी अडकवलीय. ते बुजवलं आणि खोली खरी शांत झाली. म्हणून ही यादी काचेपासून सुरू होत नाही.

पहिलं काम ऐकण्याचं. त्याला पैसे लागत नाहीत, बहुधा म्हणूनच ते कोणी करत नाही. ज्या वेळी त्रास होतो नेमक्या त्याच वेळी पंखा, एसी, टीव्ही बंद करून दहा मिनिटं बसा आणि काय काय ऐकू येतं ते वहीत लिहा. हॉर्न, ब्रेकची किंचाळी, माणसांचं बोलणं हे वरच्या पट्टीतले आवाज. ट्रकचं इंजिन, जनरेटर, लाउडस्पीकरचा छातीत बसणारा बास हे खालच्या पट्टीतले. वरचे आवाज खिडकीने बऱ्यापैकी अडतात, खालचे चिवट असतात. तुमच्या वहीत कुठले जास्त आहेत त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. आणि त्रास वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्यांचा असेल तर इथेच थांबा. तो आवाज स्लॅबमधून येतो, खिडकीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्याच वहीत मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपचा आकडाही टिपून ठेवा. हा आकडा अचूक नसतो, पण तोच फोन, तीच जागा, तीच वेळ एवढं पाळलं तर खिडकी बसवण्याआधीची आणि नंतरची तुलना करता येते. अंदाजासाठी एवढं लक्षात असू द्या: ३ डेसिबल कमी झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी ३० डेसिबलची सरासरी पातळी सुचवली आहे. गजबजलेल्या रस्त्यावरच्या घरात नुसत्या खिडक्यांच्या जोरावर ती गाठणं सोपं नाही. 'साउंडप्रूफ' हा शब्दच मुळात फसवा आहे. आवाज कमी होतो, संपत नाही.

मग फटींची शोधमोहीम. रात्री खोलीत अंधार करा, एकाने आतून बंद खिडकीच्या कडेकडेने टॉर्च फिरवावा आणि दुसऱ्याने बाहेरून पाहावं. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतोच. बाहेर उभं राहायला जागा नसेल तर कागदाची पट्टी घ्या. ती झडपेत धरून खिडकी बंद करा, कडी लावा आणि पट्टी हळूच ओढा. घट्ट धरून ठेवली तर रबर नीट दाबलं जातंय. सुळकन बाहेर आली तर तिथे नुसती हवा आहे. चारी बाजूंना, दर वीतभर अंतरावर हे करून बघा. माझ्या जुन्या खिडकीत कडीच्या बाजूला पट्टी फाटेपर्यंत निघत नव्हती आणि बिजागरीच्या बाजूला फुंकर मारली तरी हलत होती.

फटीचा एवढा बाऊ का, ते गणिताने सांगतो. एखाद्या पृष्ठभागाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर बाकीचा भाग कितीही दणकट असो, तिथून २० डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. हजारावा भाग उघडा राहिला तर मर्यादा ३० डेसिबलची. आता १.२ मीटर लांब-रुंद खिडकी घ्या. तिच्या चारी बाजूंनी ५ मिलिमीटर फट राहिली तर ती शंभराव्या भागापेक्षाही जास्त भरते. आणि त्या खिडकीचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम काडेपेटीएवढं भोक. एवढ्या भोकापुढे ४० डेसिबल अडवणारी महागडी काच काय करणार? तेव्हा एक्झॉस्ट फॅनची खिडकी, केबलची भोकं, दाराखालची फट, चौकट आणि भिंतीमधला तडकलेला गिलावा, सगळं यादीत घ्या. यातलं निम्मं काम सिलिकॉनची एक नळी आणि एक मोकळी दुपार एवढ्यात होतं. ते करून दोन-चार रात्री राहून बघा. क्वचित असंही होतं की पुढची यादी लागतच नाही.

लागली, तर आता खिडकीचा प्रकार ठरवा. सरकत्या खिडकीत झडप रुळावर फिरायला मोकळी लागते, त्यामुळे फट बुजवायला ब्रशसारखी केसाळ पट्टी असते. ती धूळ अडवते, आवाज फारसा नाही. बिजागरीवर उघडणारी झडप मात्र बंद करताना रबराच्या गॅस्केटवर दाबली जाते, आणि दोन-तीन ठिकाणी पकडणारं लॉक असेल तर चारी बाजूंनी सारखी दाबली जाते. माझं मत स्पष्ट आहे: शांततेसाठी खर्च करायचाच तर सरकती खिडकी नको, मग काच कुठलीही असो.

जुनी खिडकी काढायचीच असं मात्र नाही. ती तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवता येते, आणि भिंत पुरेशी जाड असेल तर मला हाच मार्ग जास्त पटतो. दोन काचांमध्ये १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर मिळालं की खालच्या पट्टीतले चिवट आवाजही बरेच नरमतात. तयार दुहेरी काचेतलं १२ मिलिमीटरचं अंतर मुख्यतः उष्णतेसाठी असतं. आवाजाच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नका. शिवाय आतल्या या दुसऱ्या खिडकीने बाहेरून इमारतीचं रूप बदलत नाही, त्यामुळे घरमालकाची किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी मिळवणं सोपं जातं. परवानगी लेखीच घ्या.

काचेचं आता थोडक्यात. लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा लवचिक थर असलेली. तो थर काचेचं थरथरणं शोषतो. प्रत्येक जाडीची काच एका ठरावीक पट्टीत आवाजाला कच्ची असते, ६ मिलिमीटरची साधारण २००० हर्ट्झला, १० मिलिमीटरची १२०० च्या आसपास. म्हणून दुहेरी काचेत दोन्ही सारख्या जाडीच्या नकोत. एकीचा कच्चेपणा दुसरीने झाकायला हवा. टफन्ड काच मजबूत असते, पण त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा जास्त आवाज अडवत नाही. दुहेरी काचेच्या मधल्या जागेत आर्गॉन वायू भरल्यानेही आवाजात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. किती डेसिबल अडतात याचा आकडा विक्रेता सांगेल तेव्हा दोन प्रश्न विचारा. हा आकडा नुसत्या काचेचा की चौकटीसकट सगळ्या खिडकीचा? आणि रहदारीच्या आवाजासाठी त्या आकड्यात मिळवायचा सीटीआर (Ctr) हा दुरुस्तीचा आकडा किती? तो बहुतेक वेळा उणे असतो आणि जाहिरातीत छापलेला नसतो.

माप घेताना भिंतीतल्या गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, उंचीही तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान आकडा धरा. दोन्ही कर्ण मोजा. त्यांत फरक आला तर गाळा तिरका आहे, ते आधीच सांगा. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. वजनाचा हिशोबही करून ठेवा: १ मिलिमीटर जाडीची १ चौरस मीटर काच अडीच किलो भरते. दीड चौरस मीटरच्या झडपेत मिळून १२ मिलिमीटर काच म्हणजे ४५ किलो, शिवाय चौकट. जुन्या बिजागऱ्यांना ते पेलणार नाही, आणि जिन्यावरून ती काच कोण वाहून आणणार हेही ठरवून ठेवा.

एक गोष्ट यादीतून कधीही गाळू नका: हवा. घट्ट खिडकी आवाजाबरोबर हवाही अडवते. घरात गॅसवर चालणारं काहीही असेल, विशेषतः गीझर, तर तिथली हवेची वाट बंद करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आवाज मुरवणारी हवेची झडप मिळते, ती विचारून बघा. झोपायच्या खोलीतली एक तरी खिडकी आणीबाणीत आतून चटकन उघडली पाहिजे.

कामाच्या दिवशी खिडकीपासून दोन मीटरपर्यंतचं सामान हलवा, पडदे काढा, उरलेलं झाका. जुनी चौकट निघताना धूळ उडते ती शेजारच्या खोलीतल्या गादीतही सापडते, तेव्हा दार बंद करून खाली ओलं फडकं लावा. चौकटीच्या बाजूंना फोम भरला जात असताना तिथे उभे राहा. फोम फुगतो आणि जास्त भरला तर चौकट वाकवतो. नुसत्या फोमवर काम संपवू देऊ नका. आतून आणि बाहेरून सलग सिलिकॉन हवं. मात्र चौकटीत खाली पावसाचं पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात, ती उत्साहाच्या भरात कोणी बुजवत नाही ना ते बघा.

शेवटचा हप्ता देण्याआधी कागदाची पट्टी पुन्हा चारी बाजूंनी ओढून बघा. फोनवरचा आकडा मात्र सिलिकॉन वाळल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री घ्या, त्याच जागी. त्या रात्री फ्रिजची घरघर नव्याने ऐकू येईल. तो बिघडलेला नसतो, इतके दिवस रस्त्याच्या आवाजाखाली दबलेला असतो. आणि कारागीर निघण्याआधी त्याच्याकडून त्याच गॅस्केटचा दोन-तीन मीटर तुकडा मागून ठेवा. काही वर्षांनी रबर कडक होतं आणि तेव्हा नेमका तोच आकार शोधत फिरावं लागतं.