काचबिंदू: या चुका टाळा, गेलेली नजर परत येत नाही

मला काचबिंदू निघाला त्याला आता 11 वर्षं झाली. चेकअपला गेलं की बाहेर बाकावर दरवेळी त्याच गोष्टी ऐकू येतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काचबिंदूला मोतीबिंदू समजणं. मोतीबिंदूत डोळ्यातली लेन्स गढूळ होते, ती बदलली की परत दिसतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते, बहुतेक वेळा डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढल्यामुळे, आणि ती कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. आमच्या दादाने "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू" म्हणत तीन वर्षं घालवली. मधे दोनदा चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, समोरची अक्षरं घडाघडा वाचली, त्यामुळे तोही निर्धास्त आणि आम्हीही. पण हा आजार आधी कडेची नजर खातो, समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं. जेवताना डावीकडे ठेवलेला तांब्या त्याच्या हाताने सारखा लवंडायचा आणि वहिनी म्हणायची, "अहो लक्ष कुठंय तुमचं?" शेवटी डॉक्टरकडे नेलं तर डाव्या डोळ्याचं प्रेशर 34 (साधारण 10 ते 21 असतं) आणि फील्ड टेस्टच्या (समोर आणि कडेला कुठवर दिसतं ते बघणारी तपासणी) कागदावर तो डोळा जवळजवळ सगळा काळा, म्हणजे तिथलं दिसत नाही. डॉक्टरांनी तिथेच विचारलं, सख्खी भावंडं किती? आणि मलाही खुर्चीत बसवलं. माझा लवकर सापडला तो असा.

म्हणून घरात एकाला असेल तर आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांनी, आणि कुणाला नसेल तरी चाळिशीनंतर, डोळ्याच्या डॉक्टरकडून प्रेशर आणि नस दोन्ही तपासून घ्या. नुसतं प्रेशर बघून भागत नाही, नॉर्मल प्रेशरलाही काचबिंदू होतो.

दुसरी चूक ड्रॉप्सची. "टाकून फरकच पडत नाही" म्हणून बंद करतात. अहो, फरक जाणवणारच नाही, ते आहे ती नजर टिकवायला असतात! आणि काहीजण तर महिनाभर विसरतात आणि चेकअपच्या चार दिवस आधी सुरू करतात, मग प्रेशर छान येतं, डॉक्टरला वाटतं औषध लागू पडतंय आणि आत नुकसान चालूच. याचा मला खरंच राग येतो, कारण यात फसतो आपणच.

माझी पद्धत सांगतो. रात्री नऊचा अलार्म, खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरी बाटली असेल तर मधे पाच मिनिटं थांबायचं, लगेच टाकलं तर पहिलं वाहून जातं. बाटली उघडल्याची तारीख मी तिच्यावरच पेनाने लिहितो.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणू नका, प्रेशर वाढतं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, टिमोलॉल (काचबिंदूचाच एक ड्रॉप) चालत नाही. शीर्षासन बंद, त्यानेही डोळ्याचं प्रेशर वाढतं. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या असं झालं तर पित्त समजून झोपू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

आणि जुने फील्ड टेस्टचे कागद टाकून देऊ नका. दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय आजार थांबलाय की वाढतोय हे डॉक्टरलाही कळत नाही. माझे 11 वर्षांचे सगळे एका फाइलीत आहेत, दादाचेही मीच लावून ठेवतो.