बंद खाणीचं पाणी: तपासणीत टिकेल असा नमुना

बेवारस खाणीच्या तोंडातून आम्लाचं पाणी वर्षानुवर्षं वाहतं, तोवर त्याला वाली नसतो. तुम्ही तिथे पाइप टाकला की कायद्याच्या नजरेत ते पाणी सोडणारे तुम्हीच ठरू शकता. अमेरिकेत या भीतीने स्वयंसेवी गट हात आखडून बसले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा झाला, तोही प्रायोगिक, फक्त १५ परवान्यांचा. म्हणून फावडं उचलण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: परवानगीचा कागद आणि ‘आधी पाणी असं होतं’ हे दाखवणारे आकडे. दुसरी गोष्टच जास्त वेळा कच्ची राहते.

नमुने तीन जागी घ्या: ओढ्यात खाणीच्या वर, खाणीच्या तोंडाशी आणि पाणी मिसळून गेल्यावर खाली. ओढा भरून वाहतो तेव्हा एकदा आणि आटतो तेव्हा एकदा, असे किमान दोन हंगाम हवेत. प्रवाह त्याच वेळी मोजा, नाहीतर किती धातू जातो ते सांगताच येत नाही. लिटरमागे २० मिलिग्रॅम जस्त आणि सेकंदाला ५ लिटर प्रवाह असेल, तर २० × ५ × ०.०८६४ (सेकंदाच्या मिलिग्रॅमचे दिवसाचे किलो करणारा गुणक) म्हणजे दिवसाला ८.६४ किलो.

विरघळलेल्या धातूंच्या बाटलीत क्रम चुकला की नमुना वाया. आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी जागेवरच, १५ मिनिटांच्या आत गाळा, मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. आधी आम्ल घातलं तर गाळातले धातूही विरघळतात आणि आकडा फुगतो. गाळायला उशीर केला तर लोह हवेने गंजतं, बाटलीच्या बुडाशी नारिंगी साका बसतो आणि आर्सेनिकलाही सोबत घेऊन जातो. आकडा खोटाच कमी येतो. एकूण धातूंची बाटली मात्र न गाळता आम्लात. सल्फेटच्या बाटलीत आम्ल नको, ती बर्फात ठेवा आणि २८ दिवसांत तपासून घ्या. पीएच जागेवरच मोजा. प्रयोगशाळेतल्या पीएचला इथे अर्थ नाही.

दर २० नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागी, त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली) आणि एक कोरा नमुना (शुद्ध पाण्याची बाटली) ठेवा. बाटली कोणाकडून कोणाकडे, किती वाजता गेली याच्या चेन ऑफ कस्टडी कागदावर एक सही राहिली, तरी समोरचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो.

चुन्याची प्रक्रिया (चुना घालून पीएच चढवायचा आणि धातू गाळ म्हणून खाली बसवायचे) आखतानाची नेहमीची चूक म्हणजे सगळे धातू एकाच टाकीत पाडायचे. मँगनीजसाठी पीएच ९.५ च्या आसपास न्यावा लागतो, तेवढ्यात खाली बसलेलं ॲल्युमिनियम परत विरघळतं. आधी ६ ते ७ वर ॲल्युमिनियम बसवून गाळ काढा, मग पीएच चढवा. सोडताना मर्यादा बहुधा ६ ते ९ असते, म्हणजे शेवटी पीएच परत उतरवावा लागतो. त्याचा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो.

ढासळून बंद झालेलं तोंड उकरायचं असेल, तर आधी वरून भोक पाडून आतली पाण्याची पातळी मोजा. कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीत ती अशी न मोजताच उकरणं सुरू झालं; ५ ऑगस्ट २०१५ ला सुमारे ३० लाख गॅलन पाणी फुटलं आणि ॲनिमस नदी पिवळी झाली.