भंगारातली सायकलची चाकं ट्रॉलीला कशी बसवायची

मळ्यातून रस्त्यापर्यंत भाजीचे क्रेट आणायला सायकलमागं ओढायची दोन चाकांची ट्रॉली मी घरीच बनवली, चाकं भंगारवाल्याकडची. पहिल्यांदा काय केलं तर फ्रेमला एका बाजूनं जाड बोल्ट वेल्ड करून त्यावर चाक चढवलं, हातगाड्याला असतं तसं, आणि पंधरा दिवसांत दोन्ही चाकं खालून बाहेर फाकली. सायकलचा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेली दांडी, दोन्ही टोकांना पकडलेला असेल तरच वजन घेतो हे तेव्हा कळलं, म्हणून बाकी काही चुकलं तरी चालेल पण चाकाच्या दोन्ही बाजूंना आधार द्याच.

चाकं निवडताना जुन्या २८ इंची काळ्या सायकलची मागची दोन बघा. पुढच्या चाकाला ३२ आरे असतात, मागच्याला ४० आणि ॲक्सलही जाड, ३/८ इंची, त्यामुळं ओझ्याला मागचंच बरं. फ्रीव्हील, म्हणजे साखळी चढते ते दातेरी चाक, सायकलवाल्याकडून सोडवून घ्या, त्याचं इथं काही काम नाही. ॲक्सल दोन बोटांत धरून चाक फिरवा, हाताला कचकच लागली तर हब, म्हणजे ॲक्सल ज्यात बसतो तो चाकाचा मधला भाग, खोलायचा. कोन, म्हणजे ॲक्सलवर चढवलेला निमुळता नट, पुसून उजेडात धरा, छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) जिथं फिरतात तिथं बारीक खड्डे पडलेले असतात, नखाला अडकतात, तसा कोन सरळ टाकून द्या, ग्रीस भरून तो सुधारत नाही. छर्रे पाव इंची, एका बाजूला नऊ, नवीनच टाका, फार पैसे लागत नाहीत. चाक आऊट असेल, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर तो आऊटही आत्ताच काढून घ्या आणि सगळे आरे एकेक करून हातानं दाबून बघा, ढिला सापडला तर कसून घ्या.

आता पकड. ४० बाय ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी घेऊन एकसारखे चार तुकडे करा, प्रत्येकाला खालच्या टोकाला १० मिलिमीटरची खाच, तोंड खालीच हवं, म्हणजे वजन पडलं की फ्रेम ॲक्सलवर घट्ट बसते, सुटत नाही. चाकाच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या ट्रॉलीच्या मुख्य फ्रेमला, बाहेरच्या पट्ट्यांसाठी चाकाच्या बाहेरून चौकोनी पाइप फिरवून परत फ्रेमला जोडायचा. हा बाहेरचा पाइप वाचवायचा मोह होतो, मला झाला होता, पण सगळा जोर त्याच्यावरच असतो.

वेल्डिंगला घाई नको. चाक खाचेत बसवून, वायसर टाकून नट आवळा आणि आधी फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारा. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा चाकाला किंवा ॲक्सलला लावू देऊ नका, करंट छर्ऱ्यांतून गेला तर हब गेला, तो फ्रेमलाच लावायचा. मग टेपनं दोन रिममधलं अंतर पुढून मोजा, त्याच उंचीवर मागून मोजा, दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक असला तर टाका तोडून परत लावा, नाहीतर टायर घासत राहतो आणि ओढताना कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. माप जुळलं की चाकं काढून मगच पूर्ण वेल्ड मारा, ट्यूब जळत नाही.

ॲक्सल ट्रॉलीच्या मधोमध नाही, चार बोटं मागं ठेवा, थोडं वजन सायकलवर यायला पाहिजे. मागं वजन जास्त झालं तर चढावर ट्रॉली सायकलला जोडणारा दांडा वर उचलतो आणि सायकलचं मागचं चाक सुटल्यासारखं होतं, फार धोक्याचं आहे ते.

आधी सिमेंटची एक गोणी, म्हणजे ५० किलो, टाकून घराभोवती चालत फिरवा, मग नट परत आवळा, पहिल्या दिवशी ते हमखास ढिले पडतात. वळणावर सायकल झुकते पण ट्रॉली झुकत नाही, सगळा जोर आऱ्यांवर आडवा येतो, त्यामुळं भरलेली असताना वळण हळूच घ्या. मी आता दोन क्रेटऐवजी चार आणतो आणि दर रविवारी पाना घेऊन चारही नट बघतो.