निफाडचा गहू आणि त्याचा भार नकाशावर कसा काढायचा

निफाड तालुक्यातल्या गव्हाचा पाण्यावर, जमिनीवर, हवेवर किती भार पडतो हे काढायचं असेल, तर निम्मा वेळ नुसता गहू ओळखण्यात घालवा. मी नाशिकमध्ये पिकांचे नकाशे करते. शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी कार्बनचा आकडा मागतात. अरे, आधी गहू तर सापडू दे!

सामान साधंच आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी एक. नकाशे करायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, तेही फुकट. पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. वीस गुंठ्यांच्या वावरात वीस पिक्सेल. त्यातले बांधालगतचे शेजारच्या पिकात मिसळलेले, ते वगळले की हातात आठ-नऊच उरतात. म्हणून नमुन्याची जागा वावराच्या मधोमध घ्या, बांधावर उभं राहून नको.

एका तारखेच्या चित्रावर विसंबू नका. जानेवारीअखेर सगळा तालुका हिरवागार असतो: ऊस, द्राक्षं, कांदा, हरभरा, घास. नोव्हेंबर ते एप्रिल दर पंधरवड्याचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढा आणि त्याची रेषा बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू जानेवारीअखेर-फेब्रुवारीत भरात येतो आणि मार्चमध्ये पिकला की रेषा धाडकन खाली येते. उसाची रेषा तोडणी होईपर्यंत खाली येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेली द्राक्षबाग माल काढल्यावरही हिरवीच असते. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत, त्यामुळे त्याची रेषा उशिरा चढते आणि पातींमधून माती दिसत राहत असल्यामुळे गव्हाइतकी उंच जात नाही.

खरा घोळ हरभऱ्याचा आणि उशिराच्या गव्हाचा. लाल कांदा काढून डिसेंबरात पेरलेला गहू उन्हाळ कांद्याच्या रेषेला जाऊन चिकटतो. तिथे शिवारात जावंच लागतं. मोबाइलवर जागा टिपताना कुणीतरी विचारणारच, "ताई, मोजणी आली का? रस्ता जातोय का हिकडून?" थांबा, नीट सांगा. त्याच गप्पांत पेरणीची तारीख, वाण आणि पाण्याच्या किती पाळ्या दिल्या हे कळतं. उपग्रहाकडून यातलं वाण तरी मिळणार नाही.

पाण्याचा हिशेब त्या पाळ्यांवरूनच. एक पाळी सहा सेंटिमीटरची धरली तर हेक्टरी ६०० घनमीटर, पाच पाळ्यांचे ३,०००. कालव्याचं आवर्तन मिळणारं क्षेत्र आणि विहिरीवरचं क्षेत्र मात्र वेगळं ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मिळवा, पण दोन विहिरींच्या मधली पातळी सॉफ्टवेअरला भरू देऊ नका. नकाशा सुंदर रंगतो आणि खोटा असतो. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि मुरमात असतं. एका विहिरीला पाणी आणि हाकेच्या अंतरावरची कोरडी, हे निफाडात कुणाला नवीन नाही. तुलना पाणलोटनिहाय करा.

खताचं गणित सोपं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या जुन्या ढोबळ गुणांकानं त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतं: १.२ किलो नत्र, म्हणजे १.९ किलो वायू. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा धरतात, म्हणून त्याला २७३ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात सुमारे ५१५ किलो. २०१९ च्या सुधारणेत कोरड्या हवामानासाठी गुणांक अर्धा टक्का आहे, म्हणजे आकडा निम्मा. दोन्ही लिहा. शेतकरी प्रत्यक्षात युरिया किती टाकतो ते विचारल्याशिवाय मात्र १२० धरू नका.

गव्हांडा जाळण्याचा भाग सगळ्यात फसवा. आगी टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. कुणाचं वावर पेटलं ते त्यावरून सांगता येत नाही. शिवाय ते उपकरण नेणारे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात आणि काडी लावली जाते वारा पडल्यावर, संध्याकाळी. म्हणून हार्वेस्टर फिरून गेल्यानंतरची सेंटिनेलची चित्रं लागोपाठ बघा आणि अवरक्त पट्ट्यांवरून काळे डाग शोधा. इथे आपली काळी जमीन दगा देते. नुकतंच रोटाव्हेटर मारलेलं किंवा भिजवलेलं रानही तसंच काळं दिसतं. काही डाग प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय "जळालेलं क्षेत्र" हा शब्द अहवालात घालू नका.

नांदूर मध्यमेश्वरच्या जलपर्णीचं खापर गव्हावर फोडायचा मोह होतो. ही २०१९ पासून रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्यामुळे अहवालात शोभतेही. पण खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट उपग्रहाला दिसत नाही आणि गोदावरी तिथे पोचते ती नाशिक शहर ओलांडून. जलपर्णीचा पसारा महिन्यागणिक जरूर मोजा, कारण लिहिण्याआधी पाण्याचे नमुने तपासा.

आकडे देताना गावनिहाय किंवा पाणलोटनिहाय द्या. गट नंबर जोडलेली फाइल स्वतःपाशी ठेवा. जळालेल्या क्षेत्राच्या नकाशावर तर गट नंबर नकोच, कारण एका पिक्सेलच्या चुकीनं शेजाऱ्याला नोटीस जाऊ शकते.