शॅम्पेनच्या बुडबुड्यांचा पोर्सलेन कप: या चुका टाळा

पेनं-पेन्सिली ठेवायचा पोर्सलेनचा कप. फिकट सोनेरी झाक, अंगावर वर चढत जाणारे बुडबुडे आणि काठाला सोन्याची बारीक रेघ. फोटोत दिसायला सोपा, त्यामुळे अनेकजण पॉटरीतली पहिली मोठी उडी म्हणून नेमका हाच कप निवडतात. मग साचा ओला, स्लिप (साच्यात ओतायची पातळ माती) पातळ आणि सोन्याची बाटली मात्र पहिल्याच दिवशी उघडलेली, असा प्रकार होतो. खाली दिलेल्या बहुतेक चुका घाईच्याच आहेत. एक-दोन मात्र न बघता काम केल्याच्या आहेत, आणि त्या जास्त खटकतात.

घट्ट स्लिपमध्ये पाणी ओतणं

बुडबुडे दाखवणाऱ्या कपाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बुडबुडेच. तुम्ही काढलेला बुडबुडा ही सजावट, आपोआप आलेला बुडबुडा हा दोष. हे आपोआप येणारे बहुतेक वेळा स्लिपच्या बादलीतूनच येतात.

बादली उघडली, स्लिप घट्ट वाटली, की हात लगेच पाण्याच्या मगाकडे जातो. तो तिथेच थांबवा. आधी वजन करा. मोजपात्रात बरोबर १०० मिली स्लिप घ्या, पात्राचं वजन वजा करा. १७५ ते १८० ग्रॅम भरलं तर पाणी पुरेसं आहे, कमी आहे ते डीफ्लोक्युलंट, म्हणजे पाणी न वाढवता स्लिप पातळ करणारं रसायन. सोडियम सिलिकेट किंवा डार्व्हन थेंबाथेंबाने घालायचं, दर वेळी ढवळून दोन मिनिटं थांबायचं. कोरड्या मातीच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास एकूण मात्रा बहुतेक बॉडींना (मातीच्या मिश्रणांना) पुरते. वरून पाणी घातलं की साचा ते सगळं पितो, भिंत जमायला दुप्पट वेळ लागतो, कप जास्त आकसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या कपापर्यंत साचा ओला होऊन बसतो. उलट डीफ्लोक्युलंट जास्त झालं तर कप साच्याला चिकटतो आणि काढताना काठ फाटतो. तेव्हा ‘अजून दोन थेंब’ हासुद्धा उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट ढवळण्याची. ड्रिल मशीनला पंखा लावून जोरात फिरवलं की स्लिप पाच मिनिटांत एकजीव दिसते, पण तिच्यात हवा भरलेली असते. हळू ढवळा, ८० मेशच्या जाळीतून गाळा, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. ओतताना एकच बारीक, अखंड धार धरा. मध्ये थांबलात तर त्या उंचीवर आडवी रेघ उमटते आणि ती ग्लेझखालीही (वरच्या काचेसारख्या थराखालीही) दिसते. भरल्यावर साच्याला बाहेरून हलकेच थापट्या मारा. तीन मिलीमीटर भिंतीला साचा कोरडा असेल तर पाच ते दहा मिनिटं लागतात. घड्याळावर विसंबू नका, काठाशी सुरीने कापून जाडी बघा.

आणि ‘साचा कोरडा असेल तर’ हे शब्द मुंबई-कोकणातल्या लोकांनी पावसाळ्यात दोनदा वाचावं. जुलैत प्लास्टरचा साचा आठवडाभरातसुद्धा सुकत नाही. म्हणून कोणीतरी तो ओव्हनमध्ये टाकतो. ५० अंशांच्या वर प्लास्टर मऊ पडायला लागतं, त्याचा चुरा मातीत जातो आणि भाजल्यावर तिथे टवके उडतात. पंखा लावा, साचा दोन पट्ट्यांवर उचलून ठेवा, वाट बघा.

कपभर ठिपके पेरणं

हे बघितलं की चिडचिड होते. पांढऱ्या कपावर सगळीकडे सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावरचे ठिपके. याला बुडबुडे म्हणत नाहीत, याला गोवर म्हणतात.

स्पार्कलिंग वाइनचा एक ग्लास उजेडात धरा. शॅम्पेनच पाहिजे असं नाही, नाशिकची चालेल. बुडबुडे कुठूनही उगवत नाहीत. काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमध्ये, बहुधा हवेतल्या धुळीतल्या किंवा ग्लास पुसलेल्या कापडाच्या, हवेचा कण अडकलेला असतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरतो, बुडबुडा सुटतो, मागून दुसरा तयार होतो. म्हणून एकेका जागेवरून माळ निघते. वर जाताना प्रत्येक बुडबुडा आणखी वायू ओढून घेतो, म्हणून मोठा होतो. मोठा झाला की वेग वाढतो, म्हणून दोघांमधलं अंतरही वाढतं. खाली बारीक आणि दाट, वर ठसठशीत आणि विरळ. पृष्ठभागावर ते काचेच्या कडेला जमून एक गोल कड तयार करतात.

कपावर हेच उतरवायचं. बुडाशी पाच-सात जागा ठरवा, सारख्या अंतरावर नको. प्रत्येक जागेवरून अर्धा मिलीमीटरचा ठिपका सुरू करा, अंतर दोन मिलीमीटर. काठाखाली पोहोचेपर्यंत ठिपका दोन-अडीच मिलीमीटर आणि अंतर आठ-दहा. माळ किंचित झुकलेली चालते, दोन माळा मध्येच संपवा. काठाखाली एक सेंटीमीटरात गर्दी करा. इतकं केलं की पाहणाऱ्याला ‘हे शॅम्पेन आहे’ असं सांगावं लागत नाही.

ठिपके त्याच बॉडीच्या स्लिपचे हवेत, सुईच्या नळीने, आणि कप साच्यातून काढल्यावर अजून ओलसर, पण बोटाने दबत नाही अशा अवस्थेत. पूर्ण सुकलेल्या कपावर लावलेले ठिपके बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) होताना खपल्यांसारखे गळतात, कारण कप आकसून झालेला असतो आणि ठिपक्याचं आकसणं बाकी असतं. डिंक घालून चिकटवायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, पण डिंक ५०० अंशांच्या आधीच जळून जातो.

आरपार भोकं पाडून त्यात ग्लेझ भरायची चिनी पद्धतही इथे सुंदर दिसते, पण भोक तीन मिलीमीटरच्या पुढे नेलं की ग्लेझ वाहून जातं.

आकसणं बेरजेने काढणं

भाजून १०० मिलीमीटर उंचीचा कप हवा, बॉडी १४ टक्के आकसते, म्हणून मॉडेल (ज्यावरून साचा बनवतात तो नमुना) ११४ चं. चूक. ११४ चे ८६ टक्के होतात ९८. शंभराला ०.८६ ने भागायचं, ११६ येतात. दोन मिलीमीटरने काय बिघडतं असं वाटत असेल तर झाकण किंवा बशी जोडून बघा. आकडा पाकिटावरचा घेऊ नका, स्वतःच्या भट्टीत १०० मिलीमीटरची पट्टी भाजून काढा.

फ्लूटचा (शॅम्पेनच्या उंच ग्लासचा) आकार जसाच्या तसा घेणं

उंच, अरुंद आणि शिवाय नाजूक दांडी. पोर्सलेन १२५० अंशांवर मऊ होतं, दांडी वाकते. वाचली तरी १८ सेंटीमीटरच्या सहा पेन्सिली टाकल्यावर कप कलंडतो. बूड किमान ६५ मिलीमीटर, उंची दहा सेंटीमीटरच्या आसपास आणि दांडीशिवाय. शॅम्पेनची आठवण आकारानेच करून द्यायची असेल तर बाटलीच्या बुडाला आत गेलेला खोलगट भाग असतो, तो कपाच्या पायाला द्या. उभा राहायलाही मदत होते.

पिवळा रंग

बाजारातला पिवळा स्टेन (तयार रंगद्रव्य) घातला की शॅम्पेन नाही, मोसंबीचं सरबत होतं. पारदर्शक ग्लेझमध्ये अर्धा ते एक टक्का लोह ऑक्साइड, विजेच्या भट्टीत, एवढंच पुरे. हेच ग्लेझ गॅसच्या भट्टीत रिडक्शनमध्ये (हवा कमी ठेवून केलेल्या भाजणीत) गेलं तर फिकट हिरवट-निळं सेलॅडॉन निघतं. भट्टी उसनी घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं, नंतर भट्टीवाल्याशी भांडू नये. रोझेसाठी क्रोम-टिन गुलाबी स्टेन वापरा, मात्र त्याखालचं ग्लेझ जस्त नसलेलं आणि कॅल्शियम भरपूर असलेलं घ्या. जस्त असेल तर गुलाबीचा मळकट तपकिरी होतो.

ग्लेझमध्ये टाचणीएवढी भोकं येत असतील तर त्यांना ‘फेसाचा इफेक्ट’ म्हणून विकू नका. बिस्क १००० अंशांपर्यंत न्या, ७०० ते ९०० मध्ये हळू चढवा, म्हणजे मातीतला कार्बन जळून जातो. मग ग्लेझच्या भाजणीत कमाल तापमानाला दहा मिनिटं थांबा, पन्नासेक अंश खाली या आणि तिथे अर्धा तास धरा. फुटलेले बुडबुडे त्या वेळात भरून येतात.

सोनं लावून भट्टी बंद करणं

एका स्टुडिओत दिवाळीच्या भेटींचे डझनभर कप होते. बुडबुडे नीट, ग्लेझ निर्दोष. आदल्या संध्याकाळी काठाला सोनं लावलं, दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. उष्णता वाया जाऊ नये म्हणून भट्टीच्या भोकांना बुचं बसवली, झाकण घट्ट, आणि वेग ताशी ३०० अंश. सकाळी काठ मंद, राखाडी, जागोजाग जांभळट. शेजारच्या पांढऱ्या अंगावर धुराचं सावट. एका कपाच्या पोटावर तर अंगठ्याचा ठसा, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट, कायमचा भाजलेला.

कारण साधं आहे. बाटलीतलं द्रव सोनं म्हणजे तेलात-राळेत विरघळवलेलं, साधारण ८ ते १२ टक्के सोनं. बाकी सगळं जळून बाहेर पडावं लागतं. तो धूर कोंडला की सोन्यावर बसतो. ५०० अंशांपर्यंत झाकण दोन-तीन सेंटीमीटर उघडं आणि वरचं भोक मोकळं ठेवा, वेग ताशी १०० ते १५० अंश. खोलीत खिडकी उघडी आणि माणूस बाहेर, कारण तो धूर छातीला चांगला नाही. नंतर झाकण लावून ७२० ते ७५० पर्यंत न्या. त्याखाली राहिलं तर सोनं कापसाने घासल्यावर निघतं, फार वर गेलं तर ग्लेझमध्ये बुडून निस्तेज होतं.

लावायच्या आधी कप स्पिरिटने पुसा, हातमोजे घाला आणि त्यानंतर काठाला बोट लावू नका. कुंचला याच कामाचा वेगळा. कुंचला स्थिर, कप ठेवलेलं चाक फिरवा. ओला थर कोऱ्या चहाच्या रंगाचा दिसला पाहिजे. काळा दिसला तर जाड आहे, भाजताना फुटेल, फिकट दिसला तर जांभळं होईल. पातळ करायला त्याच सोन्याचं थिनर, रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन नाही.

बिघडलंच तर सगळं संपलं असं नाही. काठावर दुसरा पातळ हात देऊन त्याच तापमानाला पुन्हा भाजता येतं. अंगावरचे डाग सोनं खोडायच्या खडबडीत रबराने जातात. त्या कपाच्या ठशाचा बराचसा भाग असाच गेला, थोडा उरला. सोनं काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ती घरात आणूच नका, हातमोजे आहेत म्हणूनही नको.

बाकीच्या, थोडक्यात

साच्याची शिवण ओल्या कपावरून खरवडली तरी भाजल्यावर पुन्हा उठते. बिस्कनंतर पाण्याखाली डायमंड पॅडने घासा. कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते.

साच्यातून काढताना कप दाबला गेला आणि हाताने परत गोल केला, तर भट्टीत तो पुन्हा लंबगोल होतो. पोर्सलेन विसरत नाही. असा कप सरळ परत बादलीत.

भट्टीत कपाच्या पायाखाली त्याच मातीची चकती, त्यावर अल्युमिना भुरभुरून. चकती कपाबरोबरच आकसते, पाया शेल्फला ओढला जात नाही.

काठावर फेस दाखवायला भेगाळणारं ग्लेझ लावू नका, कडा धारदार होतात आणि तुकडे पेनांत पडतात.

सोन्याचा काठ असलेला कप मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. पुसताना तारेची घासणी नको, ओलं मऊ कापड पुरतं.