मुळांभोवतीच्या उपकारक जिवाणूंचे वर्गीकरण जीनोमच्या तुलनेने कसे करावे

वनस्पतीच्या मुळाला बिलगून असलेल्या आणि मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांवर पोसल्या जाणाऱ्या मातीच्या पातळ थराला लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. या थरातले काही जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, काही अविद्राव्य स्फुरद विरघळवतात, तर काही रोगकारक बुरशीला मुळापाशी फिरकू देत नाहीत. अशा जिवाणूंचा एखादा संग्रह हाती असेल, तर त्याचे वर्गीकरण करताना एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी लागते, ती म्हणजे ‘उपकारक’ हा गुण आहे, कूळ नव्हे. हा जिवाणू कोण आहे आणि तो काय करू शकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे एकाच जीनोममध्ये, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएमध्ये, असली तरी ती त्याच्या वेगवेगळ्या भागांत असतात, आणि पहिल्या प्रश्नाचा निकाल लागण्याआधी दुसऱ्याकडे वळल्यास पुढचे सगळे काम डळमळीत पायावर उभे राहते.

या लेखात ‘जाती’ हा शब्द वर्गीकरणाच्या मूळ घटकासाठी, तर ‘प्रजाती’ हा शब्द तिच्या वरच्या घटकासाठी वापरला आहे. म्हणजे ‘बॅसिलस’ ही प्रजाती आणि ‘बॅसिलस सबटिलिस’ ही जाती.

शुद्ध कल्चर आणि विश्वासार्ह जीनोम

तुलनेचा दर्जा संगणकावर नव्हे, तर पेट्री डिशमध्ये ठरतो. मुळांभोवतीचे अनेक जिवाणू चिकट शर्करायुक्त आवरण तयार करतात. विशेषतः रायझोबियमच्या बुळबुळीत वसाहतींत दुसरा जिवाणू सहज लपून राहतो, म्हणून एकच वसाहत उचलून ती पुन्हा पुन्हा रेघाटून शुद्ध केल्याशिवाय डीएनए काढू नये. केवळ जातीचे नाव ठरवायचे असेल तर लहान रीड (एका वेळी वाचले जाणारे डीएनएचे तुकडे) देणारे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याची पद्धत, पुरेसे असते. प्लाझ्मिडवरील (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या स्वतंत्र डीएनएवरील) जनुकांची मांडणी पाहायची असेल, तर मात्र लांब रीडची जोड द्यावी, कारण पुनरावृत्त क्रमांपाशी लहान रीडची जुळणी (तुकडे जोडून पूर्ण क्रम बनवणे) तुटते आणि सहजीवनाची जनुके नेमकी अशाच पुनरावृत्त क्रमांच्या गर्दीत असतात. लहान रीडच्या जुळणीसाठी ‘स्पेड्स’ आणि लांब रीडसाठी ‘फ्लाय’ ही सॉफ्टवेअर रूढ आहेत.

जुळणी झाल्यावर ‘चेकएम’ या सॉफ्टवेअरने तिची पूर्णता आणि भेसळ तपासावी. वर्गीकरणासाठी वापरायच्या जीनोमबाबत २०१८ मध्ये सुचवलेल्या किमान निकषांनुसार प्रत्येक स्थान सरासरी किमान ५० वेळा वाचले गेलेले असावे. भेसळही ५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. माझ्या मते शुद्ध कल्चरपासून मिळालेल्या जीनोमची पूर्णता ९५ टक्क्यांच्या खाली असेल, तर तो तुलनेत घेण्यापेक्षा सिक्वेन्सिंग पुन्हा करणे श्रेयस्कर असते. जीनोमच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. बॅसिलस सबटिलिसच्या गटाचा जीनोम सुमारे ४० लाख बेसजोड्यांचा (डीएनएमधील अक्षरजोड्यांचा) असतो, फ्लोरेसेंट स्यूडोमोनासचा साधारण ६० ते ७० लाखांचा, तर ब्रॅडीरायझोबियमचा ९० लाखांच्या आसपास जातो. बॅसिलस म्हणून पाठवलेल्या नमुन्याचा जीनोम ८० लाखांचा निघाला, तर नवा शोध लागल्याच्या आनंदापेक्षा नमुन्यात दोन जिवाणू मिसळल्याची शंका आधी घ्यावी.

१६एस जनुक कुठपर्यंत साथ देते

जीनोममधून १६एस आरआरएनए या सर्व जिवाणूंत असणाऱ्या आणि ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा संपूर्ण, म्हणजे सुमारे १५०० बेसजोड्यांचा क्रम काढावा आणि त्याच वसाहतीपासून आधी स्वतंत्रपणे वाचलेल्या क्रमाशी तो जुळतो का, हे पाहावे. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर ती इथेच उघडकीस येते. त्यानंतर ज्ञात जातींच्या टाइप स्ट्रेनशी तुलना करावी. स्ट्रेन म्हणजे एका शुद्ध जिवाणूची वंशरेषा आणि टाइप स्ट्रेन म्हणजे जातीचे नाव ज्याला बांधलेले असते तो स्ट्रेन. साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर जिवाणू वेगळ्या जातीचा आहे असे धरता येते, परंतु ते त्याहून जास्त असेल तर काहीच सिद्ध होत नाही. बॅसिलस सबटिलिसच्या गटात वेगवेगळ्या जातींमधील १६एस साम्य ९९ टक्क्यांच्याही वर असते, त्यामुळे केवळ या जनुकावरून दिलेली ‘बॅसिलस सबटिलिस’ ही ओळख कितीही ठिकाणी छापलेली असली तरी ती तात्पुरतीच समजावी. शिवाय या जातीत आरआरएनए जनुकांचे १० संच असतात आणि लहान रीडच्या जुळणीत ते एकमेकांत मिसळून एकच दिसतात, याचेही भान ठेवावे.

संपूर्ण जीनोमची तुलना

प्रथम ‘जीटीडीबी-टीके’ हे वर्गीकरणाचे सॉफ्टवेअर चालवावे. ते जिवाणूंमधील १२० खुणेच्या जनुकांच्या आधारे नमुन्याला मोठ्या वंशवृक्षावर जागा देते आणि कोणत्या जातींशी बारकाईने तुलना करायची हे त्यावरून कळते. त्यामागच्या ‘जीटीडीबी’ या संदर्भसंचात ‘स्यूडोमोनास_ई’ यांसारखी अक्षर जोडलेली नावे आढळतात. ती त्या संचापुरती कामचलाऊ नावे आहेत, अधिकृत नामावलीतली नव्हेत, म्हणून अहवालात ती जशीच्या तशी उतरवू नयेत.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. त्या प्रजातीतील सर्व जवळच्या जातींच्या टाइप स्ट्रेनचे जीनोम गोळा करावेत आणि प्रत्येकाशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे एएनआय, मोजावे. सार्वजनिक संग्रहात त्याच नावाने ठेवलेला कोणताही जीनोम तुलनेला घेणे ही नेहमी होणारी आणि महागात पडणारी चूक आहे, कारण त्या जीनोमचेच नाव चुकीचे असेल तर ती चूक आपल्या नमुन्यालाही चिकटते. एएनआय मोजताना एका जीनोमचे तुकडे करून ते दुसऱ्या जीनोमवर कुठे बसतात ते शोधतात आणि बसलेल्या तुकड्यांच्या साम्याची सरासरी काढतात. ‘फास्टएएनआय’ त्यासाठी ३००० बेसजोड्यांचे तुकडे वापरते. मूल्य ९५ ते ९६ टक्के किंवा त्याहून अधिक आले, तर दोन्ही स्ट्रेन एका जातीचे मानले जातात. ही मर्यादा हवेतून आलेली नाही. १९८७ पासून जातीची कसोटी मानल्या गेलेल्या ७० टक्के डीएनए-डीएनए संकरणाशी (दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळून बांधले जातात याच्या प्रयोगशाळेतील मापाशी) ती मिळतीजुळती आहे, आणि २०१८ मध्ये सुमारे ९० हजार जीनोमच्या तुलनेत ८३ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान फारच थोड्या जोड्या आढळल्या, म्हणजे ही पोकळी बऱ्याच अंशी निसर्गातच आहे.

तरीही एकट्या आकड्यावर विसंबू नये. एकूण तुकड्यांपैकी किती तुकडे जुळले, हेही त्याच ओळीत नोंदवावे. निम्मेच तुकडे जुळून आलेले ९६ टक्के आणि नव्वद टक्के तुकडे जुळून आलेले ९६ टक्के यांना एकाच मापाने तोलणे बरोबर नाही. मूल्य ९४ ते ९६ टक्क्यांच्या सीमेवर असेल तर जर्मनीतील डीएसएमझेड या जिवाणू-संग्रहाच्या सेवेवर डिजिटल, म्हणजे जीनोमवरून संगणकाने अंदाजलेले, डीएनए-डीएनए संकरण काढावे. जीनोम अपूर्ण असल्यास त्या सेवेने दिलेल्या सूत्रांपैकी दुसरे सूत्र वापरावे, कारण ते जीनोमच्या लांबीवर अवलंबून नसते. प्रजाती ठरवण्यासाठी मात्र एएनआय निरुपयोगी आहे. साम्य ८० टक्क्यांच्या खाली गेले की जुळणारे तुकडेच इतके थोडे उरतात की सरासरीला अर्थ राहत नाही. तिथे प्रथिनांच्या पातळीवरील सरासरी साम्य आणि सर्व नमुन्यांत एकेकदाच आढळणाऱ्या सामाईक जनुकांचा वंशवृक्ष यांचा आधार घ्यावा. सामाईक जनुके शोधण्यासाठी ‘पॅनारू’ आणि वृक्ष काढण्यासाठी ‘आयक्यू-ट्री’ ही चांगली साधने आहेत. बाहेरचा एक संदर्भ-जीनोम घेऊन वृक्षाचे मूळ निश्चित करावे आणि प्रत्येक फांदीचा बूटस्ट्रॅप आकडा, म्हणजे ती फांदी किती भरवशाची आहे याचे माप, दाखवावा.

या खटाटोपाची गरज किती खरी आहे, हे काही प्रसिद्ध स्ट्रेनवरून कळते. पिकांवर मोठ्या प्रमाणात वापरला गेलेला एफझेडबी४२ हा स्ट्रेन बराच काळ बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्सचा म्हणून ओळखला जात होता; जीनोमच्या तुलनेनंतर तो बॅसिलस व्हेलेझेन्सिस ठरला. मुळांचे रोग रोखणारा पीएफ-५ ‘स्यूडोमोनास फ्लोरेसेन्स’ या नावाने गाजला आणि पुढे स्यूडोमोनास प्रोटेजेन्स या जातीत गेला. अझोस्पिरिलमचा एसपी२४५ हा आदर्श स्ट्रेनही २०२० मध्ये ब्रासिलेन्समधून बाल्डॅनिओरम या नव्या जातीत आला. जुने शोधनिबंध वाचताना ही नामांतरे ठाऊक नसतील, तर एकाच जिवाणूची माहिती दोन नावांखाली विखुरलेली राहते.

गुणांची जनुके वेगळी तपासावीत

नाव ठरल्यावरच दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. जीनोममधील जनुकांची ओळख ‘बाक्टा’ने करून घ्यावी, पण तिने दिलेली नावे आंधळेपणाने स्वीकारू नयेत. नत्रस्थिरीकरणासाठी केवळ निफएच हे त्या विकराचे (एन्झाइमचे) एक जनुक सापडणे पुरेसे नाही. निफ एच, डी, के, ई, एन आणि बी ही सहाही जनुके आहेत का ते पाहावे. स्फुरद विरघळवण्याच्या बाबतीत ग्लुकोज डिहायड्रोजिनेज या विकराचे जीसीडी जनुक आणि त्याला लागणारा पीक्यूक्यू सहघटक बनवणारी जनुके एकत्र असावी लागतात. मुळावरील इथिलीनचा ताण कमी करणाऱ्या एसीसी डिअमिनेज या विकराचे एसीडीएस जनुक तर हमखास फसवते, कारण डी-सिस्टीन डिसल्फहायड्रेज हे त्याच्यासारखेच दिसणारे वेगळे विकर आहे. म्हणून क्रियास्थळातील ओळखीची अमिनो आम्ले हाताने तपासूनच निर्णय द्यावा. प्रतिजैविक द्रव्यांचे जनुकसमूह ‘अँटीस्मॅश’ हे सॉफ्टवेअर दाखवते. जनुक असणे म्हणजे मुळापाशी ते काम होणे नव्हे, म्हणून अहवालात ‘क्षमता’ हाच शब्द वापरावा आणि प्रत्यक्ष कार्याचा दावा कुंडीतील प्रयोगानंतरच करावा.

कूळ आणि गुण वेगळे का ठेवायचे, हे शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू सर्वांत स्पष्टपणे दाखवतात. न्यूझीलंडमध्ये लोटस या चाऱ्याच्या वनस्पतीसाठी मेसोरायझोबियमचा एक स्ट्रेन शेतात सोडला होता. काही वर्षांनी तिथल्या गाठींमध्ये वेगळ्याच कुळाचे जिवाणू सापडले, कारण सुमारे ५ लाख बेसजोड्यांचे सहजीवनाचे संपूर्ण बेट, म्हणजे त्या जनुकांचा सलग पट्टा, सोडलेल्या स्ट्रेनमधून मातीतल्या स्थानिक जिवाणूंमध्ये गेले होते. अशा ठिकाणी गाठ बनवणाऱ्या नॉड जनुकांवरून काढलेला वृक्ष यजमान वनस्पती सांगतो आणि सामाईक जनुकांचा वृक्ष जाती सांगतो. दोन्ही वृक्ष शेजारी शेजारी छापावेत, जातीचे नाव दुसऱ्यावरून द्यावे आणि यजमानाशी असलेले नाते ‘सिम्बायोवार’ म्हणून त्यापुढे जोडावे, जसे रायझोबियम लेग्युमिनोसॅरम सिम्बायोवार ट्रायफोलाय.

मातीत सोडण्यासाठी स्ट्रेन निवडायचा असेल तर सुरक्षेची तपासणी वगळू नये. बर्खोल्डेरिया सेपेसियाच्या संकुलातील काही जिवाणू वनस्पतींना लाभदायक असूनही फुप्फुसाचा दीर्घ आजार असलेल्या माणसांना गंभीर संसर्ग करतात. वनस्पतींशी निगडित बऱ्याच जाती आता पॅराबर्खोल्डेरिया या प्रजातीत आहेत, त्यामुळे नमुना या दोहोंपैकी कुठे पडतो हा इथे केवळ नावाचा प्रश्न राहत नाही. बॅसिलस सेरियसच्या गटातही विषांची जनुके स्वतंत्रपणे शोधावीत, कारण त्यांतील काही प्लाझ्मिडवर असतात आणि एएनआयमध्ये त्यांचा मागमूस लागत नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअरची आणि संदर्भसंचाची आवृत्ती नोंदवावी. आवृत्ती बदलली की नावही बदलू शकते. कोणत्याही टाइप स्ट्रेनशी ९५ टक्के साम्य आढळले नाही, तर जवळचे नाव ओढूनताणून देऊ नये. प्रजातीचे नाव आणि स्ट्रेनचा क्रमांक एवढेच लिहावे. नवी जाती म्हणून अधिकृत नाव द्यायचे असल्यास टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतील जिवाणू-संग्रहांत जमा करावा लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी शुद्ध कल्चरच्या पुरेशा कुप्या उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवून द्याव्यात.